तीन किलो चारशे

काट्यावर पाय ठेवायच्या आधी मी त्याचा बुडबुडा बघितला. मुद्दाम नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून पंचवीस वर्षं काढली की काटा दिसल्याबरोबर नजर आधी पाणसळीकडे जाते, बुडबुडा गोलाच्या मधोमध आहे ना ते बघते, आणि मग शिक्का शोधते. दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत बुडबुडा मधोमध होता. शिक्काही होता. काट्याच्या खांबाच्या डाव्या अंगाला, शिशाच्या सीलवर दाबलेला, आणि त्यावरचा क्रमांक माझा होता. म्हणजे हा काटा गेल्या वर्षी मीच पास केलेला. मला बरं वाटलं. परक्या लग्नात ओळखीचं कुणी भेटावं तसं वाटलं. मी वर चढलो, पोट आत घेतलं (काट्यावर पोट आत घेऊन काही उपयोग नसतो हे मला पगार घेऊन माहीत आहे), आणि सिस्टर आकडा वाचत म्हणाली, "एकशे पंधरा. अभिनंदन, काका."

अभिनंदन अशासाठी, की आमच्या खात्याच्या आरोग्यविम्याचा एक नियम आहे. माझ्या उंचीच्या माणसाचं वजन एकशे तेरा किलोच्या वर असेल, तर पोटात पट्टा बसवायचा सगळा खर्च विमा देतो. एकशे तेरा किंवा खाली असेल तर दमडी देत नाही, उलट रोज चालायला जा असं सांगणारं एक रंगीत पत्रक घरी पाठवतो. तसली तीन पत्रकं माझ्या कपाटात आहेत. खर्च माझ्या अकरा महिन्यांच्या पगाराइतका, तोही त्या अकरा महिन्यांत घरात कुणी जेवलं नाही तर. आणि मिळणार काय, तर एक पोकळ रबरी कडं. ते जठराच्या गळ्याभोवती बसवतात, त्याची नळी कातडीखालच्या एका बटणापर्यंत आणतात, आणि दर महिन्याला सुईनं त्यात पाणी भरून कडं आवळतात. मग दोन घास खाल्ले की माणूस म्हणतो, पुरे. हे सगळं डॉक्टरांनी मला प्लॅस्टिकच्या जठरावर करून दाखवलं होतं. डॉक्टर इतके बारीक, की टेबलामागे बसले की खुर्ची रिकामी आहे की काय अशी शंका यायची. ते म्हणाले, "भूक मारत नाही आपण, फक्त तिला दारात थांबवतो." मला ते कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यासारखं वाटलं होतं, आणि खरं सांगतो, त्या कुत्र्याचा हेवा वाटला होता. कुणीतरी ओढून धरतंय म्हटल्यावर आपण जबाबदार नाही.

आता "काका" हा शब्द मी गिळला, कारण अभिनंदन मोठं होतं. पण काट्यावरून उतरताना पुन्हा सवय नडली. मी मागे वळून आकडा शून्यावर येताना बघितला. चांगला काटा झटकन शून्यावर येतो. हा आधी चारशे ग्रॅमवर रेंगाळला, मग दोनशेवर, मग अंग चोरत शून्यावर गेला. सिस्टरच्या अभिनंदनावर माझा विश्वास बसेना. कारण मी एकशे पंधरा नव्हतो. दर महिन्याच्या एक तारखेला मी ऑफिसच्या काट्यावर स्वतःला तोलतो, आणि त्या महिन्यात एकशे बाराला जरा कमी होतो. बारा दिवसांत तीन किलो वाढायला माणसानं जागा तरी कुठे ठेवायची? सिस्टरनं फॉर्म भरून माझ्या हातात दिला. एकशे पंधरा, खाली तिची सही, सहीखाली काट्याचा क्रमांक, आणि प्रमाणित केल्याचा दिनांक. तो दिनांक बघितला आणि मला तो दिवस आठवला.

त्या दिवशी दवाखान्याची लिफ्ट बंद होती. काटा दोनशे किलोपर्यंतचा. म्हणजे वीस-वीस किलोची आमची पितळी वजनं दहा, तिसऱ्या मजल्यावर न्यायची. आमच्या ऑफिसातली शिपायाची जागा चार वर्षं रिकामी आहे. दवाखान्याच्या दोन वॉर्डबॉयनी मिळून तीन वजनं वर आणली, चौथ्याला ते जे गेले ते परत आले नाहीत. मी स्वतः जिना चढलो होतो नुसता, रिकाम्या हातानं, तरी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला हात लावून उभा राहिलो होतो आणि एक म्हातारी माझ्या बाजूनं टकटक वर निघून गेली होती. मग मी तीन वजनं ठेवून बघितली. साठ किलो, अगदी चोख. साठापर्यंत खरं बोलतो तो पुढेही बोलेल, असं स्वतःला सांगितलं, आणि फॉर्मवर लिहिलं, पूर्ण क्षमतेपर्यंत तपासले. सील दाबलं. आणि हे कुठे, तर वजन कमी करणाऱ्यांच्या वॉर्डात, जिथे साठ किलोचा माणूस फक्त पेशंटला भेटायला येतो. असं मी त्या एकाच काट्याचं केलं असतं तर निदान एकदाच चुकलो म्हणता आलं असतं. गेली दोन वर्षं मी वाकत नाही. दुकानदाराच्या गल्ल्याखालचा काटा असला की उभ्या उभ्या बघतो. गुडघे टेकून खाली बसलो तर उठताना दुकानदाराला काखेत हात घालावा लागतो, आणि ज्यानं काखेत हात घातला त्याला दंड कसा करणार? मला पट्टा हवा होता, तो देखणं दिसायला नव्हे. पन्नाशीत देखणं दिसून करायचंय काय. मला गुडघ्यावर बसून आकडा वाचायचा होता आणि आपला आपण उठायचं होतं. एवढीच माझी इच्छा, आणि ती खरी होती.

घरी आलो तेव्हा बायको मशीनवर होती. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधल्या बोळात तिचं शिवणयंत्र आहे. मी घरात शिरलो की तिला खुर्ची आत ओढून घ्यावी लागते, मग मी आडवा होऊन पलीकडे जातो. गेली नऊ वर्षं ती मोठ्या रस्त्यावरच्या एका गाळ्याच्या डिपॉझिटसाठी पैसे साठवते आहे. गाळा छोटाच, पण त्याला काचेची खिडकी आहे आणि गिऱ्हाईक उभं राहील एवढी जागा आहे. पुढल्या महिन्यात तो रिकामा होणार होता आणि पैसेही होत आले होते. तिनं पाय न थांबवता विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "बसलो नियमात. एकशे पंधरा." तिचा पाय थांबला. ती म्हणाली, "सुटले बाई. मी आपलं मनाशी ठरवूनच टाकलं होतं, नाही बसलात तर गाळ्याचे पैसे घालायचे." मी म्हणालो, "अगं, असं कसं?" ती म्हणाली, "तसंच. गाळ्याला काय, माणूस नसलं तरी चालतं." आणि मशीन पुन्हा सुरू केलं. मी आडवा होऊन पलीकडे गेलो. तिला खरं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण ओठांवर त्या वेळी पावाचा तुकडाही आला, आणि आधी तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत ऑफिसात गेलो. आमच्या मागच्या खोलीत प्रमाण काटा आहे. तो खोटं बोलत नाही, बोलायला लागला तर खात्यात कुणालाच काही खरं उरणार नाही. दार लोटलं, बूट काढले, पट्टा काढला (कमरेचा, माझ्याकडे तूर्त तेवढाच), शर्ट काढला, मग म्हटलं कशाला संशय ठेवा, आणि पॅन्टही काढली. एकशे अकरा किलो सहाशे. उतरलो, पुन्हा चढलो. एकशे अकरा सहाशे. तीन किलो चारशेचा फरक. दुकानदाराच्या काट्यात एवढा फरक मिळाला असता तर मी त्याचं दुकान बंद केलं असतं. तेवढ्यात दार उघडून हेडक्लार्क आत आला. बनियन आणि चड्डीत पितळी वजनांच्या मधोमध उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यानं बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि म्हणाला, "पडताळणी चालू दिसते, साहेब. मी नंतर येतो." तो माणूस तीस वर्षं सरकारी नोकरीत आहे. त्याला कशाचंच काही वाटत नाही.

मग मी एक युक्ती काढली, आणि ती मला अजूनही वाईट वाटत नाही. काटा एकशे पंधरा म्हणतोय, मी एकशे अकरा सहाशे आहे, विम्याला एकशे तेराच्या वर हवं. ऑपरेशनला तीन आठवडे आहेत. मग दीड किलो खरोखरच वाढवलं तर? काटा खोटा राहील, पण माझी पात्रता खरी होईल. कुणाची फसवणूक नाही. मी खायला सुरुवात केली. म्हणजे खातो मी नेहमीच, पण आता कर्तव्य म्हणून. सकाळी चार अंडी, पावाला दोन्ही बाजूंनी लोणी, दुपारी भाताचा डोंगर, संध्याकाळी बिस्किटांचा अख्खा पुडा. पन्नास वर्षं जे काम मी झोपेतही केलं असतं, ते जमेना. तिसऱ्या दिवशी बटाटा समोर आला आणि मला मळमळलं. चौथ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, मी बशीत अर्धं अंडं टाकून उठलो आणि बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून बघितलं. आठवड्यानं ऑफिसच्या काट्यावर चढलो तर एकशे अकरा चारशे. उलट दोनशे ग्रॅम गेलेले. पंचवीस वर्षं लोकांनी मला उपाशी राहण्याचे उपाय सांगितले, आणि उपाय इतका सोपा होता, की खाणं हे ऑफिसचं काम करून टाकायचं. मी खोलीचं दार लावून एकटाच हसलो, मग हसू थांबलं आणि लक्षात आलं की आता मला हे चोरीच्या आकड्यावरच करून घ्यावं लागणार.

आणि मी करून घेतलंही असतं. हे नीट सांगतो, कारण पुढे मी जे केलं त्यावरून कुणी मला थोर समजू नये. मी मनाशी पक्कं केलं होतं. विम्याची कंपनी श्रीमंत, तिनं मला तीन पत्रकं पाठवलेली, माझ्या हप्त्यावर तिनं कचेऱ्या बांधलेल्या. तीन किलो चारशे ग्रॅम तिला माफ. एकच गोष्ट रुतत होती. भुलीचं औषध वजनावर देतात असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे जे तीन किलो चारशे ग्रॅम या जगात नाहीत, त्यांनाही ते भूल देणार. ती जास्तीची भूल कुठे जाईल? डोक्यात? पण तेही मी पचवलं होतं. जास्त झोप लागेल, आणखी काय.

मग ऑपरेशनच्या आधीच्या माहितीवर्गाला गेलो. तिसऱ्या मजल्यावर भिंतीशी खुर्च्या मांडलेल्या. रुंद, हात नसलेल्या, आमच्यासारख्यांचा विचार करून आणलेल्या, ज्यात बसल्यावर कुणीतरी आपल्याला समजून घेतलंय असं वाटून रडू येतं. माझ्या शेजारी एक बाई बसली होती. बसवर कंडक्टर होती, गणवेशातच आलेली, तिकिटांची पिशवी मांडीवर. तिला पट्टा बसवून पाच महिने झाले होते. पट्टा आवळायला आली होती. मी विचारलं, "त्रास होतो का हो?" ती म्हणाली, "पट्ट्याचा नाही, आवळण्याचा होतो. आता पाणी प्यायले तरी वर येतं. बसमध्ये एक पिशवी वेगळी ठेवते त्यासाठी." मी म्हणालो, "मग नका आवळू देऊ." ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात वजन उतरत नाही, चोरून खात असणार. शपथ घेऊन सांगते, मी खात नाही हो. ही बघा पॅन्ट, दोनदा आत घेतली. पॅन्ट सैल होते आणि काटा म्हणतो, जागची हलली नाहीस. आता पॅन्ट खोटं बोलते की काटा, सांगा तुम्हीच." आणि ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मला माहीत असणार. मला माहीत होतं. हा काटा थकत चालला होता, दर महिन्याला थोडं थोडं जास्त दाखवत होता. तिचं उतरलेलं वजन तो आपल्या अंगावर घेत होता, आणि त्याची शिक्षा तिच्या गळ्याला होत होती. मला मनापासून शरम वाटली. मी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि म्हणालो, "बाई, आज आवळून घेऊ नका. पोट बिघडलंय म्हणून सांगा आणि जा घरी." ती म्हणाली, "तुम्ही डॉक्टर आहात?" मी म्हणालो, "नाही, मी काटेवाला आहे."

त्या संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. बोळात उभा राहून, भिंत आणि मशीन यांच्यामध्ये अडकल्यासारखा. तिनं दोरा दातानं तोडला आणि ऐकून घेतलं. मी म्हणालो, "काटा बाद केला तर मी नियमात बसत नाही. आणि मी चुकीचा शिक्का मारला हेही लिहून द्यावं लागेल." ती म्हणाली, "नोकरी जाईल?" मी म्हणालो, "नाही. मेमो मिळेल, वेतनवाढ थांबेल, आणि दोन वर्षांतले सगळे काटे पुन्हा तपासायला लावतील." ती म्हणाली, "मग तपासा. मला आधी का नाही सांगितलंत?" मी म्हणालो, "तू गाळ्याचे पैसे काढशील म्हणून." तिनं सुईत नवा दोरा ओवला. गप्प राहून एखादी गोष्ट ठरवून टाकण्याची तिची जुनी खोड आहे, आणि तिच्या त्या गप्प बसण्याला मी पंचवीस वर्षं होकार समजत आलो आहे.

दवाखान्याची लिफ्ट आता चालू झाली होती, पण वजनांसह माणूस नेणार नाही अशी पाटी होती. दहा वजनं मी जिन्यानं नेली. एकेक करून, दहा खेपा. दर वळणावर वजन पायरीवर ठेवायचं, त्याच्याशेजारी बसायचं, मग कठडा धरून उठायचं. पाचव्या खेपेला सिस्टरनं पाणी दिलं, सातव्या खेपेला डॉक्टर स्वतः बाहेर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्हाला हे सोसणार नाही." मी म्हणालो, "तुमच्या काट्यालाही सोसत नाहीये, चला बघू." साठापर्यंत चोख. ऐंशीला एक किलो जास्त. शंभराला दोन किलो सहाशे. मग मी गुडघ्यावर बसलो, तळ बघितला, आतला एक तुकडा झिजून वाकला होता. माझं सील मीच कापलं आणि काट्यावर लाल चिठ्ठी चिकटवली. उठताना डॉक्टरांनी माझ्या काखेत हात घातला. ते इतके हलके, की क्षणभर मीच त्यांना उचलतोय असं वाटलं. ते म्हणाले, "म्हणजे तुमचा विमा..." मी म्हणालो, "हो." ते म्हणाले, "आणि ती कंडक्टर बाई?" मी म्हणालो, "तिची पॅन्ट खरं बोलत होती. तिला आज फोन करा आणि सैल करून द्या." त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. त्यांचे कान लाल झाले होते. त्या माणसाबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा आपुलकी वाटली.

दोन आठवड्यांनी दुरुस्त होऊन आलेला काटा मी पुन्हा तपासला. सगळी दहा वजनं, चारही कोपऱ्यांवर ठेवून बघितली. या खेपेला लिफ्टवाल्यानं वजनं एकटी वर पाठवली आणि मी जिन्यानं त्यांच्यामागे गेलो. चोख होता. सील दाबलं. मग विम्याच्या फॉर्मसाठी सिस्टरनं मला वर उभं केलं, आणि त्याच वेळी दारात बायको आली. येणार हे मला सांगितलं नव्हतं. एकशे अकरा किलो दोनशे. सिस्टर हळूच म्हणाली, "नाही बसत हो, काका." या वेळच्या काकाचं मला वाईट वाटलं नाही. बायकोनं पर्स उघडली आणि त्यातून चेक काढून टेबलावर ठेवला. गाळ्याचे सगळे पैसे, नऊ वर्षांचे, तिच्या त्या बारीक नीट अक्षरात. मी म्हणालो, "हे नाही चालायचं." ती म्हणाली, "चालेल. तुम्ही जिना चढताना मी खाली उभी राहून ऐकते ना, ते मला नाही चालत." मी म्हणालो, "आणि गाळा?" ती म्हणाली, "नऊ वर्षं बोळात शिवलं, अजून शिवीन." मी वाद घालणार, तेवढ्यात सिस्टर आमच्यातला ताण मोडायला म्हणून की काय म्हणाली, "मावशी, तुम्हीही बघून घ्या एकदा. साहेबांनी आत्ताच खरा केलाय काटा." बायको म्हणाली, "माझं काय बघायचं," पण चप्पल काढून चढली.

माणूस बघून वजन सांगणं हा माझा हातखंडा आहे. ऑफिसात पैज लावून चहा जिंकतो. ती चढत असताना मी मनात छप्पन्न धरले. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी एकदा तोललं होतं तेव्हा छप्पन्न होती, आणि तेव्हापासून मी तिला छप्पन्नच धरत आलो होतो. आकडा चाळीसवर आला, एक्केचाळीसवर आला, आणि एक्केचाळीस सहाशेवर थांबला. माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली असेल? काटा बिघडला. माझ्या तोंडून शब्द निघणारच होता. पण दहा वजनं, चारही कोपरे, आणि साठाच्या खाली तर तो पहिल्यापासून चोख होता. काट्याला काही झालेलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या अंगावरचा कुडता अंगाला नीट बसलेला होता. तिचे सगळेच कपडे नेहमी नीट बसतात, कारण ते ती स्वतः आत घेते. त्याच मशीनवर, ज्यावर ती माझे सैल करते. सिस्टर हसायची थांबली आणि म्हणाली, "मावशी, जेवता ना वेळेवर?" बायको म्हणाली, "शिवणाऱ्या बायका बारीकच असतात. दुपारचं काम असतं, उठायला होत नाही." आणि चप्पल घालायला वाकली. किती सहज वाकली.

चेक मी उचलला आणि तिच्या पर्समध्ये परत घातला, आणि पर्स माझ्या काखेत धरली. सिस्टरला विचारलं, "तुमच्याकडे वजन वाढवायचे डॉक्टर कुठल्या मजल्यावर?" ती म्हणाली, "तळमजला, पण ते दोनला येतील." बारा वाजले होते. आम्ही खाली कॅन्टीनमध्ये गेलो. मी तिच्यासाठी भात, दोन अंडी, बटाटे, पाव आणि दूध घेतलं, माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा. ती म्हणाली, "एवढं कोण खाणार?" मी म्हणालो, "तू." तिनं चार घास खाल्ले. मग खिडकीबाहेर बघत तिनं ताट टेबलावरून माझ्या बाजूला सरकवलं, आणि माझा हात उठून चमच्याकडे निघाला. दोघांपैकी कुणीही काही ठरवलं नव्हतं. तिचा हात सरकवायला गेला आणि माझा घ्यायला गेला, रोज दोन वेळा, पंचवीस वर्षं जातात तसे. माझा हात अर्ध्या वाटेवर थांबला. तिनंही माझा हात बघितला. मला सगळा हिशेब एकदम कळला, आणि त्या क्षणी मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो, पण कॅन्टीनमध्ये गर्दी होती. मी ताट परत तिच्याकडे सरकवलं. ती म्हणाली, "अहो, नको मला. गार होतंय, खा ना." मी म्हणालो, "तू खा, मी बसलोय." तिनं पुन्हा सरकवलं, मी पुन्हा परत केलं. तिसऱ्यांदा तिनं सरकवलं तेव्हा बटाट्याचा वास नाकात गेला आणि हाताची काही खात्री वाटेना. मग मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले, आणि एकशे अकरा किलो दोनशे ग्रॅम त्यांच्यावर ठेवून, तिचं जेवण होईपर्यंत बसून राहिलो.